मासे पहाटेच का मरतात?

तळ्यावर सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसले की पहिला संशय विषावर जातो. पाणी हिरवंगार असेल, तर त्याआधी प्राणवायू मोजावा, आणि तोही सूर्य उगवण्यापूर्वी. दिवसा शैवाल प्राणवायू सोडतं. दुपारी तीन-चारच्या सुमारास तो पाण्यात मावेल त्याहूनही जास्त भरतो. अंधार पडला की निर्मिती थांबते, श्वसन चालूच राहतं. शैवाल, मासे, गाळातले जीवाणू सगळे रात्रभर त्याच साठ्यावर जगतात. पहाटे लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली पातळी गेली की बरेच मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. भर दुपारी घेतलेल्या नमुन्यात यातलं काहीच दिसत नाही.

एवढं शैवाल माजतं ते सांडपाणी, शेण आणि शेतातून वाहून आलेल्या खतांमधल्या नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) यांवर. याला ‘सुपोषण’ म्हणतात. नाव भलतंच गोड आहे! गोड्या पाण्यात शैवालाची वाढ बहुधा स्फुरद कमी पडल्यानेच अडते. शैवालात कार्बन, नत्र आणि स्फुरद यांच्या अणूंचं प्रमाण साधारण १०६:१६:१. म्हणजे १ ग्रॅम स्फुरदावर शंभरेक ग्रॅम कोरडं शैवाल पोसलं जातं आणि ते पुरतं कुजायला सुमारे १४० ग्रॅम प्राणवायू लागतो. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात प्राणवायू मावतो जेमतेम ९ मिलिग्रॅम. चिमूटभर स्फुरद १५ हजार लिटर पाण्याचा प्राणवायू खाऊ शकतो तो असा.

कॅनडातल्या ऑन्टारिओत १९७३ साली एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नत्र टाकलं, स्फुरद मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवी झाली. शिवाय काही नीलहरित शैवालं हवेतलं नत्र स्वतःच बांधून घेतात, त्यामुळे तळ्यात नुसतं नत्र रोखून भागत नाही. किनारी समुद्रात मात्र बऱ्याचदा नत्रच कळीचं ठरतं.

सांडपाणी बंद केलं तरी तळं लगेच निवळत नाही, कारण वर्षानुवर्षांचा स्फुरद गाळात लोहाला चिकटून बसलेला असतो. तळाचा प्राणवायू संपला की लोहाचं रूप बदलतं, पकड सुटते आणि स्फुरद पुन्हा पाण्यात येतो. अमेरिकेतलं लेक वॉशिंग्टन खोल आहे. १९६३ ते १९६८ दरम्यान त्यात येणारं सांडपाणी वळवलं आणि काही वर्षांत पाणी नितळ झालं. उथळ, गाळाने भरलेली तळी अशी दाद देत नाहीत.

मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकण्याचा मोह टाळावा. शैवाल मरतं खरं, पण एकदम कुजून प्राणवायू ओढतं, पेशी फुटून मायक्रोसिस्टिनसारखी विषं पाण्यात उतरतात (उकळून ती जात नाहीत) आणि तांबं गाळात साचतं. अ‍ॅल्युमिनियम सल्फेट स्फुरदाला बांधून तळाशी नेतं, पण पाण्याचा सामू (pH) ६ च्या खाली घसरला तर विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांवर उठतं. म्हणून आधी बादलीभर पाण्यावर मात्रा तपासावी, आणि येणारा स्फुरद रोखल्याशिवाय हा खर्च करूच नये. नाहीतर वरून गाळाचा नवा थर बसतो आणि खालचा उपाय त्याखाली गाडला जातो.