खाच, टॉमी आणि वीस ग्रॅम

टायर चढवताना ज्याची बोटं सोलवटतात, तो बहुतेक वेळा टॉमीच्या, म्हणजे टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीच्या, टोकाकडेच बघत असतो. शेवटची वीतभर कड रिमवर जात नाही म्हणून तो आणखी जोर लावतो, आणखी लांब टॉमी मागवतो. खरी अडचण असते चाकाच्या बरोबर पलीकडच्या बाजूला, जिथे त्याचं लक्षच नसतं. एवढं कळलं की मोटारसायकलचा टायर सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून, दोन-तीन टॉम्या आणि वाटीभर साबणाच्या पाण्यावर बदलता येतो.

टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवून पाहा. रबराखाली काहीतरी टणक लागतं. तो पोलादी तारांचा वेढा आहे, त्याला बीड म्हणतात. रबर ताणलं जातं, ही तार ताणली जात नाही. जाऊही नये, कारण हवेचा दाब टायरला बाहेर ढकलत असताना तो रिमवर धरून ठेवणारी तीच असते. आता आकडे बघा. सतरा इंची रिमवर बीड जिथे बसते तिथला व्यास साधारण ४३ सेंटिमीटर. रिमचा बाहेरचा काठ त्याहून दीडेक सेंटिमीटर उंच, म्हणजे काठापाशी व्यास ४६ च्या आसपास. परिघात फरक पडतो नऊ सेंटिमीटरहून जास्त. न ताणणारी कडी तिच्याहून इतक्या मोठ्या कड्यावरून न्यायची आहे. मनगटाच्या जोरावर हे होणारच नाही.

उत्तर रिमच्या मधोमध असतं. टायर काढलेलं चाक आडवं धरून आत पाहिलं, तर मध्यभागी सगळीकडून फिरणारी एक खोल खाच दिसते. बीडचा एक भाग या खाचेत उतरवला की ती तिथे मध्याच्या जवळ सरकते, आणि तेवढीच मोकळीक समोरच्या बाजूला मिळते. खाच काठाच्या उंचीइतकी खोल असेल, तर एका बाजूला काठाने वाढवलेलं अंतर दुसऱ्या बाजूला खाच वजा करते. हिशोब जुळतो आणि बीड न ताणता पार होते. हात भरणारा कासार काचेची बांगडी कधी ताणत नाही. तो हात चेपून तिला वाट करून देतो. टायर चढवणं ही अगदी तीच विद्या आहे.

ही कल्पना १८९० सालची. जॉन बॉइड डनलॉपने बेलफास्टमध्ये १८८८ साली हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, पण त्याचा टायर चाकाला चिकटवलेला असे, आणि पंक्चर काढायचं म्हणजे सगळं उकलून पुन्हा चिकटवायचं. दोनच वर्षांत चार्ल्स किंग्स्टन वेल्च या इंग्रज माणसाने कडेत न ताणणारी तार असलेला टायर आणि मध्ये खाच असलेलं रिम, अशी जोडी मांडली. आज बाइकचा टायरही याच तत्त्वावर रिमला धरून बसतो. मला डनलॉपइतकाच वेल्चही मोठा वाटतो. हवा भरलेली नळी चाकावर चढवणं ही पहिली पायरी होती. ती रस्त्यात, हाताने, उतरवता येण्याची सोय वेल्चने केली.

आता प्रत्यक्ष काम. आधी व्हॉल्व्हमधली पिन काढून हवा पूर्ण सोडा. मग बीड तिच्या जागेवरून सुटी करायची, आणि सगळ्यांत चिवट काम हेच. ट्यूबलेस रिमवर बीडच्या जागेशेजारी एक बारीक उंचवटा असतो, हवा कमी झाली तरी बीड आत घसरू नये म्हणून. वर्षानुवर्षांच्या उन्हापावसाने रबर धातूला चिकटलेलंही असतं. सोपा उपाय म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या बाइकचा साइड स्टँड. आपलं चाक जमिनीवर आडवं ठेवायचं, खाली जुनी लादी नाही, लाकडी ठोकळे घ्यायचे, आणि डिस्कची बाजू कधीही खाली नको. स्टँडचं टोक रिमला न लागता टायरवर, काठाच्या अगदी जवळ टेकवून ती बाइक हळूहळू त्या बाजूला कलती करायची. दुसऱ्या माणसाने ती बाइक धरलेली हवी. कित्येक किलोंच्या भाराखाली रबर दबतं आणि ‘फस्’ करून बीड खाली सरकते. चाक थोडं फिरवून पुन्हा तेच.

नवा टायर चढवण्याआधी त्याला तासभर ऊन दाखवा. तापलेलं रबर नरम पडतं आणि बाजूची भिंत सहज वाकते. मुंबईत मे महिन्यात यासाठी वेगळी तयारी लागत नाही, जुलैत मात्र टायर खोलीत हीटरजवळ ठेवणारेही मी पाहिलेत. बीडला साबणाचं पाणी सढळ हाताने लावा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नका. खनिज तेल रबर खराब करतं आणि वाळतही नाही, त्यामुळे जोरात ब्रेक मारल्यावर टायर रिमवर घसरू शकतो. साबणाचं पाणी काम झालं की सुकून जातं. भिंतीवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण तपासा, तो उलटा बसला तर सगळं काम दुसऱ्यांदा. मग एका बाजूला गुडघ्याने बीड खाचेत दाबून धरा आणि समोरून टॉमीने थोडी थोडी कड आत घ्या. हात जड झाला की थांबा, जोर वाढवू नका. गुडघ्याखालची बीड खाचेतून वर आली आहे, हाच त्याचा अर्थ.

टॉम्या घ्यायच्या तर मुंबईतल्या अवजारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटला जाऊन हातात धरून घ्याव्यात. टोक गुळगुळीत आणि किंचित वळलेलं असावं. धारदार टोकाने ट्यूब हमखास चिमटते. स्पोकच्या चाकात ट्यूब असते, कारण साध्या स्पोकच्या रिमला प्रत्येक स्पोकसाठी भोक असतं आणि हवा तिथून निसटते.

हवा भरताना बीड आपल्या जागी उडी मारून बसते आणि दोनदा ‘फट्’ असा आवाज येतो. त्या वेळी बोटं टायर आणि रिमच्या मध्ये नकोत, आणि टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या वर तर कधीच जाऊ नये. ट्यूबलेस टायर पायपंपाने बसत नाही, कारण सुरुवातीला फटीतून जितकी हवा निसटते तितकी पंप देऊच शकत नाही. पिन काढलेल्या व्हॉल्व्हमधून कॉम्प्रेसरची हवा एकदम सोडावी लागते. एवढ्यासाठी चाक नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे न्यायला काहीच हरकत नाही. टायर नीट बसला की नाही हे काठाशेजारच्या बारीक रेषेवरून कळतं. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे.

पंक्चरवाला टायर बदलून देतो, बाइकचं चाक बॅलन्स करून देणारा मात्र शोधावा लागतो. शहरात त्याची उणीव भासत नाही, आणि त्यामागचं गणित मला फार आवडतं. समजा चाकाच्या एका बाजूला, रिमपाशी, वीस ग्रॅम जास्त आहेत. चाक फिरताना ते वजन बाहेर ओढतं, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १००/९०-१७ मापाच्या, म्हणजे सतरा इंची रिमच्या, चाकावर, ताशी ४० किलोमीटरला, ती अर्ध्या किलोच्या वजनाहून जराशीच जास्त. सायन ते मुलुंड गर्दीत त्याहून जास्त वेग मिळतो कुठे? पण ताशी ८० ला ओढ चौपट होते, सव्वादोन किलोच्या पुढे जाते, आणि सेकंदाला साडेअकरा वेळा चाकाला वर-खाली खेचते. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, ईस्टर्न फ्रीवे, पुण्याचा एक्स्प्रेसवे, सगळीकडे बाइकला बंदी. म्हणून मुंबईकराला हॅंडलची ही थरथर पहिल्यांदा जाणवते ती नाशिक हायवेला, शहापूर ओलांडल्यावर.

उपाय घरी होतो, आणि यंत्राचं काम गुरुत्वाकर्षण करतं. एक सरळ, गुळगुळीत सळी चाकातून आरपार घालून दोन सारख्या उंचीच्या स्टुलांवर ठेवा. चाक हलकेच सोडलं की जड बाजू डोलत डोलत खाली येऊन थांबते. तिथे खडूची खूण करा. चाक दुसऱ्या जागेवरून पुन्हा सोडा. खूण दर वेळी खालीच आली, तर ती खरी. दर वेळी वेगळीकडे थांबत असेल, तर बेअरिंगची सिलं घासत आहेत, ती काढून बघा. मग खुणेच्या बरोबर समोर, रिमवर, पाच-पाच ग्रॅमचे चिकटवजनाचे तुकडे आधी साध्या टेपने लावून पाहा. खूण बाजूला, घड्याळातल्या तीनच्या जागी धरून सोडली आणि चाक हललंच नाही, की काम झालं. बाइकचं चाक अरुंद असल्याने एवढं पुरतं. कारचं रुंद चाक फिरताना बाजूलाही हेलकावतं, त्याला यंत्रच हवं. वजनं कायमची चिकटवण्याआधी रिम स्पिरिटने पुसून कोरडं करा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात ती गळून पडतील.

काही टायरांवर पिवळा ठिपका असतो. ती टायरची सर्वांत हलकी जागा, आणि ती व्हॉल्व्हशेजारी बसवतात, कारण रिमची जड बाजू बहुधा व्हॉल्व्हचीच असते. तसं केलं तर पुढे वजनं कमी लागतात.

चाक परत बसवल्यावर ॲक्सलचा नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळाच्या तेवढ्याच जोराने, आवळा. डिस्क ब्रेक असेल तर गाडी हलवण्याआधी लिव्हर दाबत राहा, तो कडक लागेपर्यंत. चाक काढताना पॅड मागे सरकलेले असतात आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शंभरेक किलोमीटर वळणावर गाडी फार झुकवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, हवेचा दाब पुन्हा एकदा मोजा.