स्क्रूमधला माल कोणी पाहिला?

ठिबकची नळी, वायरीवरचं आवरण, पिशव्यांची फिल्म अशा कितीतरी वस्तू सिंगल-स्क्रू एक्स्ट्रूडरमधून निघतात. हॉपरमधून, म्हणजे वरच्या नरसाळ्यातून, प्लास्टिकचा दाणा पडतो. तापलेल्या बॅरलमध्ये, म्हणजे नळकांड्यात, फिरणारा स्क्रू तो पुढे रेटतो, वितळवतो आणि दाबाने डायमधून, म्हणजे हव्या त्या आकाराच्या तोंडातून, बाहेर काढतो. पण बॅरल पडलं पोलादी, आत काय चाललंय ते दिसत नाही. आज स्क्रूची मापं आणि मटेरियलचे गुणधर्म भरले की सॉफ्टवेअर दाबाचा, तापमानाचा आणि वितळण्याचा आलेख काढून देतं. हे गणित मुळात कुठून आलं, त्याची ही गोष्ट.

सुरुवात झाली ती प्लास्टिक एक्स्ट्रूडरच्याही आधी. १९२२ आणि १९२८ मध्ये रोवेल आणि फिनलेसन यांनी घट्ट द्रव ढकलणाऱ्या स्क्रू पंपाचं गणित लंडनच्या 'इंजिनिअरिंग' नियतकालिकात मांडलं. बॅरलची भिंत द्रवाला ओढून पुढे नेते आणि डायकडचा दाब त्याला मागे ढकलतो. या दोहोंतली वजाबाकी म्हणजे उत्पादन. ओढीचा प्रवाह स्क्रूच्या आट्यांमधल्या खाचेच्या खोलीच्या पटीत वाढतो, तर उलटा प्रवाह खोलीच्या घनाच्या पटीत. म्हणून उथळ स्क्रू दाबापुढे टिकून राहतो आणि खोल स्क्रूचं उत्पादन दाब वाढताच झपाट्याने घसरतं. १९५३ मध्ये ड्यूपाँ या रसायन कंपनीच्या कार्ली, मॅलूक आणि मॅकेल्वी यांनी हेच गणित प्लास्टिकसाठी नीट बांधलं. मात्र त्यात माल आधीच वितळलेला धरला होता. दाण्याचं काय होतं, हा प्रश्न तसाच राहिला.

१९५६ मध्ये डार्नेल आणि मोल यांनी घट्ट दाबल्या गेलेल्या दाण्यांना एकच ठोकळा मानलं. नट-बोल्ट हातात घेऊन बघा. नट बोल्टबरोबरच फिरत राहिला तर जागचा हलत नाही. तो धरून ठेवला तरच पुढे सरकतो. दाण्यांचंही तसंच आहे. त्यांनी बॅरलला धरायला हवं आणि स्क्रूवरून घसरायला हवं. फीड झोनमध्ये, म्हणजे दाणा आत शिरतो त्या भागात, बॅरलला आतून खाचा पाडतात, त्यामागे हेच कारण आहे.

पुढचा टप्पा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. १९५९ मध्ये युनियन कार्बाइडच्या ब्रूस मॅडॉक यांनी साध्या दाण्यात थोडे रंगीत दाणे मिसळून मशीन चालवलं, मध्येच स्क्रू थांबवला आणि बॅरल झटपट थंड केलं. आतला माल होता तिथेच गोठला. मग स्क्रू बाहेर काढून त्यावर गुंडाळलेली प्लास्टिकची पट्टी सोडवली आणि तिचे आडवे काप घेतले. कापात एका बाजूला न वितळलेल्या दाण्यांचा घट्ट थर होता, त्यातले रंगीत ठिपके जसेच्या तसे. ढकलणाऱ्या आट्यालगत मात्र वितळलेला माल साचलेला, आणि त्यात रंगाच्या वळणदार रेघा. बॅरलच्या भिंतीला वितळलेल्या मालाचा पातळ पापुद्रा. तो आट्याने खरवडून या साठ्यात लोटला जात होता. पुढच्या प्रत्येक कापात दाण्यांचा थर अरुंद आणि साठा रुंद होत गेलेला.

१९६६ मध्ये झेहेव टाडमोर यांनी या कापांनाच समीकरणाचं रूप दिलं. वितळवणारी उष्णता दोन वाटांनी येते: एक हीटरची, दुसरी त्या पातळ पापुद्र्यातल्या घर्षणाची. आट्यांची खाच उलगडून सरळ पन्हाळीसारखी मानायची, तिचे छोटे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात थराची रुंदी, दाब, तापमान काढत पुढे जायचं. असा हिशेब हाताने करत बसणं अशक्यच. त्यामुळे टाडमोर, इम्रिक क्लाईन आणि मार्शल यांच्या कामात संगणक अपरिहार्य होता. हे काम झालं प्रिन्स्टनजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या संशोधन केंद्रात. ही टेलिफोनची कंपनी. तारांवर चढवायचं प्लास्टिक हा तिचा रोजचा प्रश्न होता.

प्रत्येक माल मात्र मॅडॉकच्या चित्राप्रमाणे वागत नाही. १९६७ मध्ये मेंगेस आणि क्लेंक यांना कडक पीव्हीसीच्या पावडरीत वितळलेला साठा आट्याच्या विरुद्ध बाजूला दिसला. पॉलिथिनवर बेतलेलं मॉडेल डोळे झाकून पीव्हीसीला लावलं तर आलेख सुबक येईल, पण आत घडणारं वेगळंच असेल. सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं, असं मला कळकळीने वाटतं.

पुढे फायनाइट एलिमेंट, म्हणजे बारीक तुकडे पाडून संगणकावर हिशेब करण्याची पद्धत आली आणि वितळलेल्या मालाचा प्रवाह तिन्ही मितींत मोजता येऊ लागला. दाण्यांचा भाग मागेच राहिला होता. २००४ च्या सुमारास कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मॉयसी आणि थॉम्पसन यांनी ठोकळ्याची कल्पना बाजूला ठेवून एकेका दाण्याची हालचाल संगणकावर मोजली. तरी घर्षणाचा आकडा बाहेरूनच द्यावा लागतो. तो तापमान, दाब आणि पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणानुसार बदलतो, आणि फीड झोनचा सगळा हिशेब त्याच्यावर अवलंबून असतो. म्हणूनच नवं मॉडेल तपासताना संशोधक अजूनही मशीन मध्येच थांबवतात, स्क्रू बाहेर काढतात आणि गोठलेल्या पट्टीचे काप घेऊन बघतात.