फॉरवर्ड की रिडायरेक्ट: पावतीवरची रक्कम कुठे जाते?

समजा, मुलुंडमधल्या एका सोसायटीचं मेंटेनन्स भरायचं, जावात लिहिलेलं वेब ॲप्लिकेशन आहे. सभासद फ्लॅट नंबर आणि रक्कम टाकून सबमिट करतो, सर्व्हलेट (सर्व्हरवर ब्राउझरची विनंती हाताळणारा जावा क्लास) डेटाबेसमध्ये नोंद करतं आणि पावतीचं पान उघडतं. पावती सेटॲट्रिब्यूट या मेथडने रिक्वेस्टवर (ब्राउझरच्या विनंतीच्या ऑब्जेक्टवर) ठेवलीय, पुढे सेंडरिडायरेक्टने ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवलंय आणि जेएसपीवर (पान तयार करणाऱ्या फाइलवर) रकमेची जागा कोरी! एक्सेप्शन (चुकीची सूचना) नाही, लॉगमध्येही काही नाही, कारण जेएसपीची एक्स्प्रेशन लँग्वेज (पानात किंमती भरायची भाषा) नल, म्हणजे ‘काहीच नाही’, सापडला की गुपचूप काहीच छापत नाही.

फॉरवर्ड, म्हणजे सर्व्हलेटने रिक्वेस्ट पुढच्या पानाकडे सोपवणं, सर्व्हरच्या आतल्या आत होतो. ब्राउझरला त्याचा पत्ताच नसतो, ॲड्रेस बार तोच राहतो आणि रिक्वेस्ट ऑब्जेक्टही तोच, म्हणून त्यावरची ॲट्रिब्यूट्स जेएसपीला मिळतात. रिडायरेक्टमध्ये सर्व्हर ३०२ हा स्टेटस आणि नवा पत्ता पाठवतो. ब्राउझर मग त्या पत्त्यावर नवी गेट रिक्वेस्ट (पान मागणारी विनंती) करतो. पहिली रिक्वेस्ट तोवर संपलेली असते आणि तिच्यावरची पावतीही तिच्याबरोबर गेलेली असते.

मग सगळीकडे फॉरवर्डच का नको? पोस्टनंतर (फॉर्म पाठवणाऱ्या विनंतीनंतर) फॉरवर्ड केला आणि सभासदाने रिफ्रेश दाबलं की ब्राउझर तोच फॉर्म पुन्हा पाठवायचा का, असं विचारतो. घाईत ‘हो’ म्हटलं की एकाच महिन्याच्या दोन नोंदी. म्हणून डेटा बदलला की रिडायरेक्टच करावा. रक्कम चुकीची भरली असेल तर मात्र फॉरवर्ड बरा: भरलेलं सगळं आणि चूक दाखवणारा संदेश त्याच रिक्वेस्टवर फॉर्मपर्यंत परत जातो.

रिडायरेक्टनंतर डेटा हवा, तर अनेकजण तो सरळ सेशनमध्ये (सर्व्हरने त्या वापरकर्त्यासाठी अनेक रिक्वेस्टभर जपलेल्या जागेत) टाकतात. चालतं, पण पान दाखवल्याबरोबर रिमूव्हॲट्रिब्यूटने तो काढून टाकायलाच हवा. नाहीतर जुना संदेश भलत्याच पानावर उगवतो. शिवाय सेशन ब्राउझरच्या सगळ्या टॅबमध्ये एकच असतं, त्यामुळे दोन फ्लॅटचा मेंटेनन्स दोन टॅबमध्ये भरणाऱ्याला एकाची पावती दुसऱ्याच्या जागी दिसू शकते. ‘रक्कम जमा झाली’ एवढ्या संदेशापुरतं सेशन ठीक आहे (स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमध्ये ३.१ आवृत्तीपासून यासाठी फ्लॅश ॲट्रिब्यूट्स, म्हणजे फक्त पुढच्या रिक्वेस्टपुरता टिकणारा डेटा, आहेत). पावतीसाठी मात्र पत्त्यात फक्त पावती क्रमांक द्यावा आणि पुढच्या सर्व्हलेटने ती डेटाबेसमधून आणावी. ती लॉगिन केलेल्या सभासदाचीच आहे ना, हे तिथे तपासायला विसरू नये. क्रमांक बदलून शेजाऱ्याची पावती बघणारे निघतातच.

दोन्हींत आणखी एक खोडी आहे. फॉरवर्ड किंवा सेंडरिडायरेक्टनंतर मेथड थांबत नाही, खालचा कोड चालूच राहतो. तिथे रिटर्न लिहावं. प्रतिसाद आधीच ब्राउझरकडे रवाना झाला असेल तर दोन्ही इल्लीगलस्टेटएक्सेप्शन ही चूक फेकतात. पत्त्याचंही वेगळं: स्लॅशने सुरू होणारा पत्ता फॉरवर्ड ॲप्लिकेशनच्या मुळापासून धरतो, रिडायरेक्ट सर्व्हरच्या मुळापासून. रिडायरेक्टच्या पत्त्याच्या सुरुवातीला कॉन्टेक्स्ट पाथ (पत्त्यातलं ॲप्लिकेशनचं नाव) जोडला नाही की ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. आणि जेएसपी वेब-इन्फ फोल्डरमध्ये (ब्राउझरला थेट न उघडता येणाऱ्या) असेल तर तिच्याकडे थेट रिडायरेक्ट होतच नाही, मधे सर्व्हलेट लागतंच.