सहा वचनांचा राजा आणि एक सूर्यग्रहण

बायबलमधली राजांची दोन्ही पुस्तकं (१ राजे आणि २ राजे) सलग वाचली की एक गोष्ट लगेच लक्षात येते. प्रत्येक राजाला एकच माप लावलंय, परमेश्वराच्या दृष्टीने जे नीट ते त्याने केलं की जे वाईट ते केलं. लढाया किती जिंकला, व्यापार किती वाढवला याला तिथे फारसा भाव नाही. म्हणूनच इस्राएलच्या अम्री नावाच्या राजाच्या सगळ्या कारकिर्दीला जेमतेम सहा वचनं (बायबलमधल्या क्रमांक दिलेल्या छोट्या ओळी) मिळालीत: बारा वर्षं राज्य केलं, शेमेर नावाच्या माणसाकडून एक डोंगर विकत घेतला, त्यावर शोमरोन ही राजधानी बांधली, आधीच्या सगळ्यांपेक्षा वाईट वागला आणि मेला.

पण जमिनीतून जे निघालंय ते बघितलं तर हा माणूस प्रचंड मोठा राजा होता असंच म्हणावं लागतं. १८६८ साली आजच्या जॉर्डनमध्ये धिबान इथे मवाब या इस्राएलच्या शेजारी राज्याचा राजा मेशा याचा शिलालेख सापडला, त्यात मेशा स्वतःच सांगतो की इस्राएलचा राजा अम्री याने मवाबला बरेच दिवस छळलं. अश्शूरचे (असिरिया, आजच्या उत्तर इराकमधलं साम्राज्य) लोक तर इस्राएल देशालाच 'अम्रीचं घर' म्हणायचे, आणि हे नाव इतकं पक्कं बसलं होतं की ज्या येहूने गादी बळकावताना अम्रीच्या घराण्यातला एकेक माणूस शोधून मारला त्या येहूलाही त्यांच्या काळ्या स्तंभावर 'अम्रीचा मुलगा' म्हटलंय! या स्तंभावर येहू (किंवा त्याचा दूत) अश्शूरच्या राजापुढे अगदी जमिनीला कपाळ टेकून वाकलेला कोरलाय, आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

अम्रीचा मुलगा अहाब. बायबलमध्ये तो म्हणजे ईजबेलचा नवरा, एलीया संदेष्ट्याचा शत्रू, नाबोथाचा द्राक्षमळा हडपणारा. आणि अश्शूरचा राजा शल्मनेसर तिसरा याच्या कुर्ख इथे सापडलेल्या शिलालेखात तोच अहाब इ.स.पू. ८५३ मध्ये कर्कर इथे अश्शूरविरुद्ध जमलेल्या राजांच्या आघाडीत २,००० रथ आणि १०,००० पायदळ घेऊन उभा आहे. रथांचा आकडा फुगवलेला असू शकतो असं बरेच अभ्यासक म्हणतात, पण त्या यादीत रथ सगळ्यात जास्त त्याचेच. या लढाईबद्दल बायबलमध्ये एक शब्द नाही. मला यात लपवाछपवी दिसत नाही, लिहिणाऱ्यांना सांगायचं होतं ते वेगळंच होतं, राज्य का बुडालं ते.

आता मुद्दा असा की ८५३ हे साल कुठून आलं? त्या काळात कुणी इ.स.पू. असं लिहीत नव्हतं. अश्शूरमध्ये दरवर्षी एका बड्या अधिकाऱ्याचं नाव त्या वर्षाला द्यायची पद्धत होती आणि अशा नावांच्या लांबलचक याद्या मातीच्या पाट्यांवर टिकून राहिल्यात. त्यातल्या बुर-सगाले या अधिकाऱ्याच्या वर्षापुढे नोंद आहे की सिमानु महिन्यात सूर्याला ग्रहण लागलं. बस, एवढं पुरतं, कारण ग्रहणाचं गणित मागेही तितकंच नेमकं चालतं, आणि ते ग्रहण निघालं १५ जून इ.स.पू. ७६३ चं. हा एक खुंटा पक्का झाला की यादीतली नावं मोजत मागे जायचं, म्हणजे कर्करची लढाई येते ८५३ मध्ये आणि येहूने अश्शूरला खंडणी दिली ते साल येतं ८४१. मध्ये १२ वर्षं.

इथे बायबल घ्या. अहाबनंतर अहज्या २ वर्षं, मग यहोराम १२ वर्षं, मग येहू. बेरीज १४. दोन वर्षं जास्त, म्हणजे बायबल चुकलं असं पूर्वी अनेकांना वाटायचं. पण उत्तरेकडच्या इस्राएलमध्ये (दक्षिणेला यहूदा हे वेगळं राज्य होतं, राजधानी यरुशलेम) राजा गादीवर बसला ते अर्धवट वर्षही त्याचं 'पहिलं वर्ष' म्हणून धरायचे, आणि तेच वर्ष आधीच्या राजाचं शेवटचं म्हणूनही मोजलेलं असायचं, म्हणजे एकच वर्ष दोघांच्या खात्यात. दोन राजांमागे एकेक वर्ष वजा करा, उरतात बरोबर १२. एडविन थीले या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या मध्याला सगळ्या राजांच्या वर्षांची अशी मांडणी केली. तिच्यातल्या काही गोष्टींवर आजही वाद आहेत, पण ही १२ वर्षं जुळतात तेव्हा खरंच अंगावर काटा येतो, कारण एका बाजूला यरुशलेमचे लेखक, दुसऱ्या बाजूला त्यांच्या शत्रूचे कारकून, आणि दोघांचा हिशोब एक.

अम्रीच्या आधीचे राजे दावीद आणि शलमोन यांच्याबाबतीत असा खुंटा नाही. १९९३ साली तेल दान इथे सापडलेल्या अरामी शिलालेखात 'दावीदाचं घराणं' असा उल्लेख आहे, म्हणजे घराणं खरं. पण हासोर, मगिद्दो आणि गेजेर इथल्या भव्य वेशी शलमोनाच्या की त्यानंतर काही दशकांनी अम्रीच्या घराण्याच्या, यावर इस्राएल फिंकेलश्टाइन आणि अमिहाय मझार यांच्यासारखे पुरातत्त्वज्ञ कार्बन डेटिंग (अवशेषांतल्या कार्बन-१४ वरून वय काढायची पद्धत) घेऊन वर्षानुवर्षं भांडतायत.

पुढची घसरण वेगात झाली. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन पडलं, अश्शूरचा राजा सार्गोन म्हणतो मी २७,२९० लोक उचलून नेले. ७०१ मध्ये अश्शूरचा पुढचा राजा सन्हेरीब यहूदावर आला, ४६ तटबंदीची गावं घेतली, यहूदाचा राजा हिज्कीया याला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं असं त्याने कोरून ठेवलंय, पण यरुशलेम घेतलं असं मात्र तो कुठेच म्हणत नाही. वेढ्याच्या तयारीसाठी यरुशलेमच्या आत पाणी आणायला खोदलेला म्हणतात तो ५३३ मीटरचा बोगदा आजही आहे, दोन टोळ्यांनी दोन टोकांकडून खडक फोडत आणलेला. २००३ साली त्याच्या गिलाव्यातल्या वनस्पतींचे अवशेष आणि आतले चुनखडीचे थर तपासले तेव्हा काळ साधारण इ.स.पू. ७०० च्या आसपासचाच आला.

या घसरणीच्या काळासाठी कार्बन डेटिंग नेमकं दगा देतं. साधारण इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण असं बदलत गेलं की ४०० वर्षांतले नमुने जवळपास एकाच वयाचे दिसतात. इथे मदतीला येतं पृथ्वीचं चुंबकत्व. विटेत, मडक्यात लोहखनिजाचे बारीक कण असतात, गाव पेटलं की ते इतके तापतात की जुनं चुंबकत्व पुसलं जातं आणि थंड होताना होकायंत्राच्या सुईसारखी त्या दिवसाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आणि ताकद धरून बसतात. लॅबमध्ये वीट टप्प्याटप्प्याने परत तापवून ती नोंद वाचता येते, आणि हे क्षेत्र सतत बदलतं म्हणून नोंदीवरून काळ ओळखता येतो. हिज्कीयाच्या काळात राजाचा शिक्का मारलेल्या रांजणांच्या मुठींचा काळ आधीच माहीत आहे, तसंच बाबेलने (बॅबिलोनने) यरुशलेम जाळलं ते इ.स.पू. ५८६ हे सालही, त्यामुळे ते मोजपट्टीवरच्या खुणा झाले.

२०२२ साली तेल अवीव आणि हिब्रू विद्यापीठाच्या टीमने १७ ठिकाणच्या २१ जळालेल्या थरांचं असं मोजमाप प्रसिद्ध केलं. अरामचा (आजच्या सीरियातलं राज्य) राजा हजाएल याने गथ हे शहर घेतलं हे २ राजे मध्ये एका वचनात उरकलंय, आता दिसतं की गथच्या थरासारखीच चुंबकीय नोंद तेल रहोव आणि आणखी दोन गावांच्या राखेतही आहे, म्हणजे ती एकाच मोहिमेत जळाली असावीत. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. यहूदाच्या दक्षिणेकडची काही गावं, उदाहरणार्थ मल्हाता, यरुशलेमबरोबर जळलीच नाहीत, ती काही दशकांनी पडली, आणि संशोधकांचा संशय बाबेलवर नाही तर शेजारच्या एदोमी लोकांवर आहे. बायबलमधल्या ओबद्याच्या छोट्याशा पुस्तकात एदोमावर (बायबलप्रमाणे एदोमी आणि इस्राएली हे दोन भावांचे वंशज) जो संताप ओतलाय, भावाच्या पडत्या काळात तू लुटायला आलास म्हणून, तो निव्वळ काव्य नसावा असं या जळक्या विटा बघून वाटतं.