निळं अंडं, पट्टेरी पिल्लू: दोन वारशांची एक कोंबडी

निळी अंडी देणारी आणि एका दिवसाच्या पिल्लातच नर-मादी ओळखू येणारी कोंबडी, असं एका दमात म्हटलं की तो एकच गुण वाटतो. प्रत्यक्षात हे दोन वेगळे वारसे आहेत. अंड्याचा रंग चिलीतून आला, पिल्लाची ओळख केंब्रिजमध्ये बसवली गेली. दोन्ही एकत्र आणणारी क्रीम लेगबार ही जात लंडनच्या प्रदर्शनात दिसली ती १९४७ साली. सातारा-सांगलीकडे तिचा गावरान कोंबडीशी संकर केला, की जोडलेली ही दोन सूत्रं पुन्हा सुटी होतात. गोंधळ तिथेच होतो.

ओळखीची गोष्ट आधीची. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये धान्याची चणचण होती आणि अंड्यांच्या जातीची नर पिल्लं पोसणं परवडत नव्हतं. बारावीच्या जीवशास्त्रात ज्याच्या नावाचा चौकोन काढावा लागतो, तो रेजिनाल्ड पनेट तेव्हा केंब्रिजला होता. त्याने दोन ठरावीक जातींचा संकर करून पिल्लांच्या रंगावरून नर वेगळे काढण्याचा मार्ग सुचवला. हा मार्ग एकाच पिढीपुरता चालतो. दर वेळी दोन्ही मूळ जाती पाळाव्या लागतात. पुढे पनेट आणि त्याचा सहकारी मायकेल पीज यांनी ही खूण जातीतच कायमची बसवली.

त्यामागचं तत्त्व साधं आहे. पिसांवर आडवे पट्टे आणणारं जनुक झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं. कोंबड्याला दोन झेड, कोंबडीला एकच. म्हणून शुद्ध जातीत नराला पट्ट्याचा दुहेरी डोस मिळतो, मादीला एकेरी. काळ्या लवीच्या पिल्लात फरक डोक्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यापुरता दिसतो आणि चुका होतात. लव रानकोंबडीच्या पिल्लासारखी तपकिरी, पाठीवर गडद पट्टे असलेली असेल, तर दुहेरी डोसाने नराचे पट्टे विटतात आणि तो फिकट दिसतो. मादीचे पट्टे ठसठशीत राहतात. प्लायमाउथ रॉक जातीतला पिसांवरचा हा आडवा पट्टा सोनेरी कॅम्पाइन जातीत आणून कॅम्बार तयार झाली, तपकिरी लेगहॉर्न जातीत आणून लेगबार. एवढं होईतो जपानी तज्ज्ञांची गुदद्वार तपासून लिंग ओळखण्याची पद्धत जगभर पसरली आणि मोठ्या हॅचरींना अशा जातींची गरज उरली नाही. त्या हौशी आणि घरगुती पाळणाऱ्यांकडे टिकल्या.

निळ्या अंड्याकडे युरोपचं लक्ष वेधलं ते स्पेनचे कुक्कुटतज्ज्ञ साल्वाडोर कास्तेयो यांनी. १९१४ साली चिलीत पाहिलेल्या अरौकाना कोंबड्यांची माहिती त्यांनी १९२१ मध्ये हेगच्या पहिल्या जागतिक कुक्कुट परिषदेत मांडली. निळा रंग एकाच प्रभावी जनुकामुळे येतो, हे पनेटने १९३३ मध्ये दाखवलं. मग २०१३ मध्ये कारण उलगडलं: एका जुन्या विषाणूचा तुकडा कोंबडीच्या जनुकसंचात घुसून बसला आहे. चिलीतल्या आणि चीनमधल्या निळ्या अंड्याच्या कोंबड्यांत तो वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे घुसलेला आहे. त्यामुळे बिलिव्हर्डिन हे रंगद्रव्य कवच बनतानाच त्यात मुरतं. फोडलेल्या कवचाची आतली पातळ पांढरी पापुद्री सोला, आतूनही निळं दिसतं. तपकिरी रंग मात्र शेवटी वरून चढतो.

आता आपल्याकडचा पेच. गावरान कोंबडीचं अंडं बहुतेक फिकट तपकिरी. त्यावर निळा आला की अंडं हिरवट होतं. ‘निळ्याची’ म्हणून आणलेल्या संकरित तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, हिरवी अंडी देतात, ती फसवणूक असेलच असं नाही. दोन रंग एकावर एक बसलेले असतात. स्वच्छ निळ्यासाठी पांढऱ्या अंड्याची बाजू लागते, म्हणजे लेगहॉर्न. पण सहज मिळणाऱ्या पांढऱ्या लेगहॉर्नमधला प्रभावी पांढरा रंग पिल्लाच्या लवीवरचे पट्टेच पुसून टाकतो. रंग साधला तर ओळख जाते.

दुसरी चूक कोंबडा कुठला घ्यायचा याची. लेगबार कोंबडा गावरान कोंबड्यांवर सोडला, तर नर-मादी सगळ्या पिल्लांना पट्ट्याचा एकेरी डोस मिळतो आणि ओळख शून्य. उलट लेगबार कोंबडी आणि बिनपट्ट्याचा गावरान कोंबडा घेतला, तर पट्टा फक्त मुलग्यांना जातो. गडद लवीवर डोक्याचा ठिपका दिसतो. हे मुलगे पुन्हा लेगबार कोंबड्यांना दिले, की पुढच्या पिढीत निम्मे नर दुहेरी डोसाचे आणि निम्म्या माद्या पट्ट्याच्या निघतात. सर्वांत फिकट नर आणि पिसांवर आडवे पट्टे येणाऱ्या माद्या ठेवल्या, की ओळख पुन्हा बसते. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत उतरवलं, त्याच जातीचं हे काम आहे: एक जनुक आणायचं आणि बाकी जनावर आपल्या मातीतलं ठेवायचं.

निळ्याचं जनुक वाटाणा तुऱ्याच्या (तीन ओळींच्या बुटक्या तुऱ्याच्या) जनुकाजवळ बसतं, म्हणून काहीजण तुरा पाहून निवड करतात. आपल्याकडे हे चालत नाही. गावरानात असील या झुंजीच्या जातीचं रक्त बरंच आहे आणि असीलचा वाटाणा तुरा निळ्या अंड्याशिवायच येतो. क्रीम लेगबारचा तुरा तर एकेरी आहे. कोंबडा निळ्यासाठी शुद्ध आहे का, म्हणजे त्याच्याकडे निळ्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती आहेत का, हे त्याच्या लेकींवरूनच कळतं. पांढऱ्या किंवा तपकिरी अंड्याच्या कोंबड्यांपासून त्याच्या किमान सात तलंगा वाढवा. सातही निळं किंवा हिरवं देत असतील, तर तो शुद्ध धरावा; अशुद्ध कोंबड्याकडून असं घडण्याची शक्यता १२८ मध्ये एक. त्यांना अंड्यावर यायला २२-२४ आठवडे लागतात, उबवणीचे २१ दिवस वेगळे. म्हणजे सहा महिने सहज गेले. घाई करून आधीच कोंबडा विकू नये.

पिल्लं तपासायची ती पूर्ण सुकल्यावर, पहिल्या २४ तासांत, दिवसाउजेडी. पिवळ्या बल्बखाली फिकट-गडद कळत नाही. आधी पाठीचा पट्टा, मग डोळ्यामागची गडद रेघ, सर्वांत शेवटी डोक्याचा ठिपका. ठिपका एकेरी डोसाच्या मादीलाही असतो, म्हणून तेवढ्यावर विसंबणाऱ्यांचे डाव उलटतात.

इंग्लंडमध्ये नर नकोसा होता. इथे मात्र त्याला रश्श्याचं गिऱ्हाईक आहे, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या ओळखीचा उपयोग वेगळा: नर स्वतंत्र वाढवायचे. चैत्रातल्या यात्रांना साडेचार महिन्यांचा कोंबडा हवा असेल, तर पिल्लं कार्तिकाच्या सुमारास निघायला हवीत. जत-आटपाडी, माण-खटावच्या उन्हाळ्यात उबवणीची अंडी खोलीत ठेवली, की २४ अंशांच्या वर आत अर्धवट वाढ सुरू होते आणि पिल्लू कवचातच मरतं. ओल्या पोत्याच्या गारव्यात, पण अंडी ओली होऊ न देता ठेवावीत आणि सात दिवसांत उबवायला लावावीत.

भावाबद्दल एवढंच: निळं कवच म्हणजे जास्त पौष्टिक अंडं नव्हे, आतलं सत्त्व कोंबडीच्या खाद्यावर ठरतं. २०१९ मध्ये कडकनाथच्या करार योजनांत या भागातल्या अनेकांचे पैसे अडकले, तेव्हाही पक्षी खरा होता, हिशेब खोटा होता. निळ्या अंड्याच्या पिल्लांना कुणी जास्त दर सांगत असेल, तर आधी आईचं फोडलेलं कवच आणि बापाच्या लेकींची अंडी पाहायला मागावी.