पट्टी कुणी ठरवायची? हौशी इंग्रजी कॉयर आणि ट्यूडरकालीन संगीत

इंग्लंडमधल्या हौशी कॉयरचा, म्हणजे समूहगायन मंडळींचा, हंगाम साधारण सप्टेंबरात सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. मधल्या तीन-चार कार्यक्रमांना एकेक विषय लावायची पद्धत ट्यूडर राजघराण्याच्या काळातलं, म्हणजे साधारण सोळाव्या शतकातलं आणि त्याच्या आसपासचं, जुनं संगीत गाणाऱ्यांत विशेष रुजली आहे: मेरीची स्तोत्रं, चोरून केलेली मास (कॅथलिक उपासना आणि तिच्यासाठीचं संगीत), एखाद्या संगीतकाराची पुण्यतिथी. ही अलीकडच्या आयोजकांची टूम वाटते खरी. पण इंग्रज संगीतकार विल्यम बर्डने १६०५ आणि १६०७ मध्ये छापलेला ‘ग्राडुआलिया’ हा संग्रह मुळातच सणवारांप्रमाणे लावलेला आहे. कॅथलिक मासला बंदी असताना घरांतून गुपचूप गाण्यासाठी तो रचला होता. ही पुस्तकं जवळ सापडली म्हणून १६०५ मध्येच लंडनला एकाला तुरुंग पाहावा लागला.

हे संगीत हौशी गळ्यांपर्यंत पोहोचलं ते छापखान्यामुळे. १९२२ ते १९२९ या काळात एका धर्मादाय न्यासाच्या पैशातून या ट्यूडरकालीन संगीताचे दहा खंड निघाले आणि सुट्या स्वस्त प्रतीही मिळू लागल्या. १९२३ मध्ये बर्डच्या मृत्यूला तीनशे वर्षं झाली, तीही पथ्यावर पडली.

खरा गुंता पट्टीचा. आपल्याकडे काळी एक की काळी चार, हे गाणारा आपल्या गळ्यावरून ठरवतो आणि विषय संपतो. तिथे मात्र कागदावर लिहिलेला स्वर आजच्या पियानोवर नेमका कुठे लावायचा, यावर शंभराहून अधिक वर्षं वाद चालला. पुरावा म्हणून हाती होती जेमतेम एक ओळ. टॉमस टॉमकिन्स या संगीतकाराच्या १६६८ मध्ये छापलेल्या संग्रहातल्या ऑर्गनच्या वहीत एका स्वराच्या उघड्या नळीची लांबी अडीच फूट, म्हणजे तीस इंच दिली आहे. नळीच्या लांबीवर सूर ठरतो, म्हणून तेवढ्यावरून एकोणिसाव्या शतकात गणित मांडलं गेलं की लिहिलेल्या षड्जाच्या जागी कोमल गंधार गावा. विसाव्या शतकातल्या संपादकांनी बहुतेक तेच उचललं.

१९६० आणि ७० च्या दशकांत ऑक्सफर्डच्या एका गटाने या चढ्या पट्टीत तरुण मुलींकडून बिनकंपाचा, मुलग्यांसारखा सूर लावून घेतला. रेकॉर्डिंगमधून तो घरोघरी गेला आणि ‘ट्यूडर आवाज’ म्हणजे हाच, असं लोकांच्या कानात बसलं. १९७७ मध्ये सफक परगण्यातल्या एका शेतघरात दार म्हणून वापरलेली फळी सोळाव्या शतकातल्या ऑर्गनची निघाली. तिच्यावरून या शतकाच्या सुरुवातीला अख्खं वाद्य पुन्हा उभं केलं गेलं. दरम्यान जुन्या नळ्यांची मापंही नव्याने तपासली जात होती. हिशेब खाली उतरला: मूळ सूर आजच्यापेक्षा चढा होता, पण कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मध्ये कुठेतरी, गंधारापर्यंत नव्हे.

अभ्यासकांपुरता प्रश्न बराचसा मिटला. हौशी कॉयरसाठी तो इथूनच सुरू होतो. पट्टी उतरली की ‘कॉन्ट्राटेनर’ हा मधला आवाज अल्टो, म्हणजे खालच्या सुरात गाणाऱ्या, बायकांच्या गळ्याखाली जातो आणि चढ्या टेनरांची, म्हणजे उंच गळ्याच्या पुरुषांची, गरज पडते. गावच्या कॉयरमध्ये बायका भरपूर आणि टेनर मोजके, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. म्हणून कित्येकांनी चुकीची ठरलेली जुनी पट्टीच चालू ठेवली. काटेकोर मंडळी नाकं मुरडतात. माझ्या मते त्यांनी एकदा तीन टेनरांसह पाच आवाजी मास बसवून दाखवावी.

१९९८ पासून इंटरनेटवर या रचनांच्या फुकट प्रती साठू लागल्या. एकच रचना तिथे दोन-तीन पट्ट्यांत सापडते. २०२३ मध्ये बर्डच्या चारशेव्या पुण्यतिथीचे कार्यक्रम झाले तोवर निवड जवळजवळ पूर्णपणे संचालकाच्या हाती आली होती. तालमीच्या पहिल्या दिवशी निम्म्यांच्या हातात एका पट्टीचे कागद आणि उरलेल्यांच्या हातात दुसऱ्या, असंही आता घडू शकतं.