भूजलातील सनस्क्रीन रसायने

सनस्क्रीनमधील अतिनील किरण शोषणारी सेंद्रिय संयुगे सांडपाण्यावाटे जमिनीत उतरतात, भूजलात काही काळ टिकतात आणि जिवाणूंकडून हळूहळू मोडली जातात. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रायलीन, ऑक्टिनॉक्सेट आणि ॲव्होबेन्झोन ही त्यांतली नेहमीची नावे. ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट गाजली ती समुद्रातल्या प्रवाळांना अपाय होण्याच्या चिंतेमुळे : ती असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा अमेरिकेतील हवाई राज्याने २०१८ साली केला व तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. सोलापूरला समुद्र नाही. इथला मार्ग न्हाणीघरातून जातो.

अंग धुतल्यावर मलम पाण्याबरोबर जाते. त्वचेत मुरलेले ऑक्सिबेन्झोन लघवीवाटेही बाहेर पडते. गटार गळके असेल, किंवा पाणी शोषखड्ड्यात सोडलेले असेल, तर पुढचा प्रवास खाली. शोषखड्ड्याने गावातली डबकी आणि डास कमी होतात, आणि तो हवाच; मात्र विहीर वा बोअर त्याच्या फार जवळ नको.

सोलापूर जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर वसला आहे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला पाषाण. ऑक्टोक्रायलीनसारखे पाण्यात जेमतेम विरघळणारे संयुग मातीतल्या सेंद्रिय द्रव्याला चिकटून वरच अडकते. कोरडवाहू जमिनीत हे द्रव्य मुळात कमी, त्यामुळे ही चाळणी विरळ. बेन्झोफेनोन-४ हे दुसरे अतिनील-शोषक तर पाण्यात सहज विरघळते आणि पाण्याबरोबरच वाहते. बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून पळते. वाळूच्या थरासारखे ते कणाकणाला घासत जात नाही, म्हणून गाळणही कमी होते. पाणी ज्या भेगेतून येते, तिचे दुसरे टोक कुठे उघडते हे वरून दिसत नाही.

विघटनाचा मोठा फरक उजेडाचा आहे. ॲव्होबेन्झोन उन्हात लवकर मोडते, पण भूगर्भात ऊन नाही. तिथे काम जिवाणूंचे, आणि त्याचा वेग तापमान, प्राणवायू व त्यांना मिळणाऱ्या इतर अन्नावर ठरतो. उन्हाळ्यात पाण्याची पातळी खोल जाते तेव्हा रिकाम्या झालेल्या मुरमात हवा शिरते; पावसाळ्यात तोच थर पुन्हा बुडतो. त्यामुळे एकाच विहिरीत वर्षभर रसायनांची स्थिती सारखी राहत नाही.

मोडणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. जिवाणू ऑक्सिबेन्झोनचा मिथिल गट (रेणूचा एक छोटा तुकडा) काढतात तेव्हा बेन्झोफेनोन-१ तयार होते आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांत त्याचा इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा परिणाम मूळ रसायनापेक्षा जास्त दिसतो. म्हणून केवळ ऑक्सिबेन्झोन मोजून पाणी स्वच्छ ठरवणे अपुरे. विहिरीत टाकलेल्या ब्लीचिंग पावडरमधील क्लोरीनही ऑक्सिबेन्झोनशी जुळून क्लोरीनयुक्त बेन्झोफेनोन बनवते. भूजलात ही द्रव्ये सापडतात ती बहुधा लिटरला नॅनोग्रॅमच्या (ग्रॅमचा अब्जावा भाग) पातळीवर. साध्या पाणी तपासणीत, म्हणजे क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, जिवाणू यांच्या चाचण्यांत, ती दिसत नाहीत. त्यासाठी द्रव वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापन, म्हणजे द्रव्ये वेगळी करून रेणूंच्या वस्तुमानावरून ओळखण्याची तपासणी, लागते.